तोंडावर पडणारा उजेड

"मामा, हा उजेड ताटात पडत नाही. आपल्या तोंडावर पडतोय."

माझे सासरे स्टुलावर उभे होते. दातांत वायरचा तुकडा, एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसऱ्या हाताने छताखाली लोंबणारी ती वस्तू धरलेली. वस्तूच म्हणतो, कारण तिला दिवा म्हणायला मी तयार नव्हतो. पडद्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या रुळाचे दोन तुकडे, त्यांच्या खाचेत चिकटवलेली एलईडीची पट्टी, वरून शाळेच्या फायलीचं पांढरट प्लास्टिक कापून बसवलेलं झाकण, आणि हे सगळं टांगायला सुतळी. जन्मभर यंत्रमागांमध्ये वावरलेल्या माणसाला दोऱ्याशिवाय दुसरं काय सुचणार, असं मी मनात म्हटलं.

त्यांनी खाली वाकून माझ्याकडे बघितलं. "आं?"

"उजेड! ताटात पाडा!" मी ओरडलो. "जेवताना ताट दिसायला पाहिजे. माझं थोबाड नाही."

ते हसले. मान डोलावली. आणि रूळ आणखी दोन बोटं माझ्या खुर्चीकडे तिरपा केला.

याला बारा वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. विजेतलं मला कळतं असा माझा समज होता आणि तो खरा होता. माणसांतलंही कळतं असा दुसरा समज होता. माझ्या हाताखाली बावीस माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांना मी तोंडावर गाढव म्हणत असे. उरलेल्यांना मागे.

सासरे, म्हणजे बाळकृष्ण मकोटे, इचलकरंजीचे. यंत्रमागाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं जॉबर. माग बिघडला की तो ठीकठाक करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. त्या गल्लीत मकोटे जॉबर म्हणजे मोठं नाव होतं म्हणे. असेल. सासूबाई गेल्यावर माझी बायको शैला त्यांना आमच्या ब्लॉकमध्ये घेऊन आली आणि तेव्हापासून आमच्या घरात एक माणूस वाढला, एवढंच मला दिसत होतं.

मला त्यांचा राग नव्हता. राग यायलाही समोरचा आपल्या तोलाचा वाटावा लागतो. मला त्यांची कीव यायची, आणि तीही फार नाही. बशीत चहा ओतून त्यात पाव बुडवायचे. रिकामी दिसेल ती पिशवी घडी घालून गादीखाली ठेवायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसायचे, दारात उभी राहिलेली गाय बघते तसे. विचारलं एक की उत्तर दुसरं. कधी उत्तरच नाही, नुसतं हसणं.

त्या घराची ती पद्धतच होती म्हणा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हाच मी शैलाला विचारलं होतं, "तुझे आई-वडील एकमेकांशी बोलत नाहीत का?" दोघं समोरासमोर बसून नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. सासूबाई मधूनच ओठ हलवायच्या, आवाज काढायच्या नाहीत. शैला म्हणाली, "लहानपणापासून असंच बघतेय. आम्हाला वाटायचं भांडण झालंय." मी घरी येऊन मित्रांना हा किस्सा नक्कल करून सांगितला होता. चांगला हशा मिळाला होता.

आमच्याकडे आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. सकाळी गॅलरीत उन्हात बसलेले असले की मामा शहाण्यासारखे बोलायचे. शैला समोर भाजी निवडत बसायची आणि तिच्याशी अगदी व्यवस्थित गप्पा. पण जेवायच्या खोलीत आले की डोकं फिरलंच. ती खोली आतली. शेजारची इमारत खिडकीला इतकी चिकटलेली की भर दुपारीही ट्यूब लावावी लागायची. तिथे टेबलाशी बसलं की माणूस हरवल्यासारखा व्हायचा. आमटी वाढू का विचारलं तर "शनिवारी" म्हणायचे.

शैलाचा भाऊ सुहास पुण्याला असायचा. त्याला मी फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "संध्याकाळी वाढतं का?"

"आतल्या खोलीत वाढतं."

"तेच ते. अंधारलं की अशा लोकांचा गोंधळ वाढतो, सगळीकडे लिहिलंय. मेंदूचं आहे हे, भावजी."

त्याने पनवेलच्या अलीकडे एक जागा शोधून ठेवली होती. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे. तो रविवारी येणार, सगळे मिळून बसायचं, आणि मामांना (मुलं त्यांना अण्णा म्हणत) तिथे ठेवायचं की नाही ते ठरवायचं, असं झालं. शैलाला ते नको होतं, पण तिची नोकरी, घर आणि वडील यांत तिची दमछाक होत होती हेही खरं. मला हवं होतं. मी ते लपवलं नाही.

मामांना आम्ही एवढंच सांगितलं की रविवारी सुहास येतोय. सकाळी गॅलरीत शैलाने सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सुट्टी न्हाई, सण न्हाई. मग कशाला यालाय?"

"सहज, अण्णा." असं म्हणताना ती रडकुंडीला आली होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी ते बाजारात जाऊन एलईडीच्या पट्टीचं भेंडोळं घेऊन आले.

त्याआधी, महिनाभरापूर्वी, त्यांनी माझी खुर्ची मागून बघितली होती. टेबलाला चार खुर्च्या. भिंतीवरची ट्यूब माझ्या आणि शैलाच्या पाठीमागे. मामा आमच्या समोर. "जावई, मी तकडं बसू का? तुमी हिकडं या." मी म्हटलं, "मामा, ती माझी जागा आहे. तिथून टीव्ही दिसतो." घरात येऊन वर्ष झालं नाही आणि खुर्ची मागतात, असं मी शैलाला ऐकवलं. मामा समोरच होते. ऐकवलं म्हणजे अगदी साध्या आवाजात, जेवता जेवता. त्यांच्यासमोर काहीही बोलायची आम्हाला सवयच लागली होती.

आणि मिशी. माझी मिशी त्या काळी चांगली भरघोस होती, खालच्या ओठावर येणारी. तिच्यावर माझा जीव होता. मामा एकदा नव्हे, तीनदा म्हणाले, "जावई, मिशी जरा बारीक करा की." सासऱ्याने जावयाच्या मिशीला नावं ठेवायची! मी मुद्दाम आणखी वाढवली.

तर ते भेंडोळं. गॅलरीत पोतं अंथरून मामा बसले. बाजूला पडद्याचे रूळ, हेक्सॉ ब्लेडचा तुकडा, माझ्याच माळ्यावरून काढलेली सोल्डरिंग गन आणि इंटरनेटच्या बिघडलेल्या डबीचा बारा व्होल्टचा ॲडाप्टर. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून मजा बघत होतो.

"जावई, ही पट्टी कुठनं कापायची?"

मी पेपर खाली न करता सांगितलं, "तीन-तीन दिव्यांनंतर तांब्याची खूण असते. तिथंच कापायची, मध्ये नाही."

थोडा वेळ गेला. "काय म्हनालासा?"

एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नव्हती. मी पान उलटलं. कात्रीचा आवाज आला. मग पट्टी लावून बघितली तेव्हा टोकाचे दिवे मेलेले. खुणेच्या मधोमध कापली होती. मी पेपरच्या वरून बघितलं; ते मेलेल्या दिव्यांवरून अंगठा फिरवत होते. मला हसू आलं. रात्री सुहासला फोनवर उदाहरण म्हणून हेच सांगितलं, "समोर बसून सांगितलं रे, एका मिनिटात विसरले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्खं भेंडोळं त्या लहानशा ॲडाप्टरला जोडलं. पलीकडचं टोक पिवळट, मरगळलेलं. ॲडाप्टर इतका तापला की हात लावून बघितल्यावर त्यांनी झटकन मागे घेतला. मी म्हटलं, "एक अँपियरमध्ये पाच मीटर पेलणार नाही. बैलगाडीला आगगाडीचे डबे जोडलेत तुम्ही." हे मात्र मी त्यांच्यासमोर उभं राहून, उन्हात, चांगलं खदाखदा हसत बोललो. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, आणि म्हणाले, "डबं कमी करायचं म्हना की."

त्यांनी पट्टी पुन्हा कापली. या वेळी खुणेवर, स्वतःच शोधून. हातभर लांबीचे दोन तुकडे, दोन रुळांत. झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, बघून मी गप्प बसलो. माझ्या कारखान्यात इतकी बारीक झाळ देणारी दोनच माणसं होती. पण गप्प बसलो म्हणजे कौतुक केलं नाही.

शनिवारी सकाळी ते स्टुलावर चढले. त्यांच्या खुर्चीच्या वर छताला दोन आकडे ठोकले आणि रूळ असे टांगले की सगळा झोत समोरच्या खुर्च्यांवर जाईल. वर सांगितलं ते ओरडणं तेव्हाचं. एक रूळ माझ्या आणि शैलाच्या खुर्च्यांकडे. दुसरा टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"तिथं कोण बसतं?" मी विचारलं.

"सुहास बसंल."

मी शैलाला स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आता तरी पटलं ना? रिकाम्या खुर्चीला लाइट लावलाय तुझ्या वडिलांनी."

रविवारी सुहास श्रीखंडाचा डबा घेऊन आला. मामांच्या पाया पडला. बाराच्या सुमाराला आम्ही जेवायला बसलो. शैलाने भरीत, भाकरी, आमटी केली होती. मामांनी उठून भिंतीवरची ट्यूब बंद केली आणि आपला दिवा लावला. तिघांचेही डोळे दिपले. समोर मामांच्या चेहऱ्यावर मात्र अंधारच.

"हे काय आहे अण्णा?" सुहासने विचारलं.

"नवा दिवा."

"तुमच्या वडिलांचं संशोधन," मी म्हटलं. "चौकशीला बसवल्यासारखं वाटतं की नाही?"

सुहास थोडा हसला. मामा भाकरी मोडत होते. पहिला घास, दुसरा घास. मग सुहासने आवाज खाली घेतला आणि म्हणाला, "जागा चांगली आहे, ताई. मी बघून आलो. स्वच्छ आहे. गेटला कायम कुलूप असतं, त्यामुळे बाहेर पडून हरवायची भीती नाही."

"त्यांच्यासमोर नको ना," शैला म्हणाली.

"बोला बिनधास्त," मी म्हटलं.

"न्यायचं कसं पण?" शैलाने विचारलं. "त्यांना काय सांगायचं?"

"देवदर्शनाला जाऊ म्हणून गाडीत बसवायचं," सुहास म्हणाला. "खरं सांगून त्यांना कळणारे का काही?"

शैलाचा घास हातातच राहिला. "मला जमत नाहीये रे. दोन्हीकडून जमत नाहीये. पण असं फसवून..."

ती रडायला लागेल आणि सगळं पुन्हा पुढे ढकललं जाईल, असं मला दिसलं. म्हणून मी ते वाक्य बोललो. मिशीवरची आमटी पुसत, हळू, अगदी सहज. "कोणाला फसवायचंय, शैला? मकोटे जॉबर केव्हाच संपला. आता नुसतं खाणारं तोंड उरलंय."

मामांनी भाकरी ताटात ठेवली.

"सुहास," ते म्हणाले, "कुठल्या देवाला न्हेनार हैस?"

सुहासच्या हातातला चमचा श्रीखंडाच्या वाटीत तसाच राहिला.

"आनि कुलूप कशाला रं? मी काय पळून जातोय व्हय?" मग शैलाकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "शैला, तुला जमंना हे मला दिसतंय की. त्यात रडायसारखं काय हाय?"

"अण्णा," सुहास म्हणाला, "तुम्हाला ऐकू येतंय?"

"न्हाई. धा वर्सं झाली, ढोल बडवला तरी ऐकू येत न्हाई." त्यांनी बोट वर केलं, दिव्याकडे. "दिसतंय."

मामाच बोलत होते, आणि त्या वर्षभरात मी ऐकलं नव्हतं इतकं बोलले.

"छत्तीस माग एकदम चालू झालं की कोन कुनाचं ऐकतंय? कारखान्यात समदी तोंडाकडं बघूनच बोलत्यात. ह्या टोकाचा मानूस त्या टोकाच्या मानसाला सांगतोय, च्या आलाय म्हनून, आवाज न करता. तुमची आई सुताच्या कांड्या भराय यायची. तिच्या संगट पयलं बोलनं तसंच झालं. लगीन बी तितंच ठरलं. मग घरात बी तसंच बोलत ऱ्हायलो. कानाचं काय कामच पडलं न्हाई."

"सांगायचं तरी होतंत, अण्णा," शैला म्हणाली. ती आता खरोखर रडत होती.

"सांगितलं की मानसं वरडाय लागत्यात. वरडताना तोंड वाकडं हुतंय, मग कळायचं ते बी कळत न्हाई. आनि जॉबरला ऐकू येत न्हाई म्हनलं की संपलंच. मागाच्या आवाजावरनं रोग वळखायचा असतोय. मी शेवटची चार वर्सं मागावर हात ठिवून वळखला, कुनाला पत्ता लागू दिला न्हाई." ते जरा हसले. "हितं तुमची ट्यूब तुमच्या पाठीमागं. तोंडं काळी दिसायची. जागा बदलून मागितली. जावई न्हाई म्हनालं, ऱ्हायलं. मग म्हनलं, आपला आपून दिवा करावा. सुहास येनार, माझं कायतरी ठरनार, तेवढं तरी बघाय मिळावं."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. तीच ती एकटक नजर, जिची मी इतकी नक्कल केली होती.

"जावई, ह्या दोघांचं समदं कळलं. तुमचं तेवढं कळलं न्हाई. मिशी आडवी येती तुमची. काय म्हनालासा, परत एकदा सांगा."

झोत माझ्या तोंडावर होता. मिशीला आमटी लागलेली होती. एका बाजूला मेव्हणा माझ्याकडे बघत होता, दुसऱ्या बाजूला बायको. बावीस माणसांना तोंडावर गाढव म्हणणारा मी. वाक्य आठ-नऊ शब्दांचं होतं.

"काही नाही मामा," मी म्हटलं. "वाढा म्हटलं. मामांना भरीत वाढा."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्या मिशीकडे बघितलं. मान हलवली, न कळल्यासारखी. आणि मग शैलाकडे बघितलं.

शैलाने डोळे पुसले. चेहरा वर केला, दिव्याकडे. आणि आवाज न काढता ओठ हलवले. अगदी तिच्या आईसारखे. तिला ते येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, बहुधा तिलाही वाटलं नसेल. ती थोडा वेळ बोलली. नेमका किती वेळ ते मी आजही सांगू शकत नाही. माझ्या वाक्याएवढा असेल, किंवा 'भरीत वाढा' म्हणायला लागतो तेवढाच असेल. मी जीव खाऊन तिच्या ओठांकडे बघत होतो. एक अक्षर कळलं नाही.

मामांनी मान डोलावली. ताटातली भाकरी उचलली आणि जेवण पूर्ण केलं. हात धुऊन आल्यावर एवढंच म्हणाले, "मी उद्या इचलकरंजीला जातो. माझं घर हाय, गल्ली हाय. तितं समद्यांना कसं बोलायचं ते म्हाईत हाय."

सुहासने पनवेलचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुपारी बेसिनपाशी मी शैलाला गाठलं. "त्यांना काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"कोणतं? आधीचं की नंतरचं?"

तिने नळ सोडला, माझ्याकडे पाठ केली आणि भांडी घासायला लागली. त्या संध्याकाळी मी मिशी काढली. कुणी काही विचारलं नाही. सकाळी मामांनी स्टुलावर चढून दिवा उतरवला, वायर नीट गुंडाळली आणि गादीखालच्या पिशव्यांपैकी एकीत भरली. मी एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडी सुटताना मी माझ्या उघड्या, भादरलेल्या तोंडाने म्हटलं, "मामा, चुकलं माझं." ते खिडकीत होते, पण वाहकाला तिकिटाचे पैसे देत होते. त्यांनी बघितलं नाही. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नव्हती.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. इचलकरंजीला एकटेच राहतात आणि मजेत आहेत. सुहासने कानाचं यंत्र पाठवलं होतं, ते कपाटात आहे. शैला दर रविवारी जाते. कधी कधी मीही जातो. दिवा तिथे चुलीसमोरच्या तुळईला टांगलेला आहे. ॲडाप्टर मी नवीन नेऊन दिला, दोन अँपियरचा. "चांगला हाय," म्हणाले. बस, तेवढंच.

जेवण झालं की बापलेक समोरासमोर बसतात. दिवा लावतात. आणि बोलत राहतात, तासभर, आवाज न काढता. मी पलीकडे भिंतीला टेकून दोघांच्या तोंडांकडे एकटक बघत असतो. मध्येच मामा माझ्याकडे बघतात, मग शैला बघते, मग दोघं हसतात. माझ्याबद्दल बोलतात की भाजीबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही. मीही हसतो आणि मान डोलावतो.